तिचा दम कुणाला ऐकू आला

नागभीडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. अब्बा मोटरसायकलींच्या सीटा शिवतात, ट्रॅक्टरच्या गाद्या भरतात. घरात खेळाचं कुणालाच काही नव्हतं. मी कबड्डीत आले ती शाळेच्या मुलींच्या संघात एकजण कमी पडत होती म्हणून. सरांनी मला उभं केलं, म्हणाले, "तू ठेंगणी आहेस, खाली वाक आणि पाय धर." तेव्हापासून मी डाव्या कोपऱ्यात खेळत आले. शाळा सुटली, तरी सरांनी गावातल्या मुलींचा क्लब चालू ठेवला आणि मीही खेळत राहिले.

माझ्या शेजारी खेळायची ती माझी जोडीदार जवळच्या एका खेड्यातली होती. तिच्या घरी धानाची शेती. सकाळी सायकलने यायची, सरावाला यायच्या आधी तिनं घरचं शेण काढलेलं असायचं, आणि हाताला त्याचा वास असायचा. उंच होती, खांदे रुंद. कबड्डीत शेजारच्या दोघी हातात हात धरून उभ्या राहतात, साखळी म्हणतात तिला. मी घोटा धरायचे, ती कंबर. माझा हात सुटला की तिला कळायचं, तिचा सुटला की मला. आमच्यात बोलणं फार नसायचं. मी घरी हिंदी बोलणारी, ती इकडची झाडीबोली बोलणारी, पण तेवढ्यासाठी काही अडलं नाही.

तिला पोलिसात जायचं होतं. कुणी विचारलं नाही तरी सांगायची. जिल्ह्याच्या संघात निवड झाली, राज्याच्या स्पर्धेत पदक मिळालं, की भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येतो, हे सरांनी तिला सांगितलं होतं. माझी उंची भरतीत बसणारी नव्हती, त्यामुळे मला त्यातलं काही नको होतं. मला फक्त खेळायचं होतं.

चामोर्शीच्या खुल्या सामन्यांत आम्ही पहिल्यांदा त्या मोठ्या रेडरसमोर उभ्या राहिलो. ती चंद्रपूरची. राष्ट्रीय शिबिराला जाऊन आलेली. मैदानाच्या कमानीवर तिचा फोटो होता, कंबरेवर हात ठेवून उभी. बाजूच्या खेड्यांतून बाया तिला पाहायला ट्रॅक्टरमध्ये बसून आल्या होत्या. खेळ खराच होता तिचा, ते मी कधी नाकारलं नाही. पाय असा फिरवायची की तो कुठून आला ते कळायचं नाही.

पण त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. रेडर 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्या अंगणात शिरते. ते म्हणणं एका दमात चालू राहिलं पाहिजे. पकडलेली असताना दम तुटला, म्हणणं थांबलं, तर ती बाद. तो दम तुटला की नाही हे पंच कानानं ठरवतो. आमच्या रेडरचा आवाज जरा बारीक झाला की शिट्टी वाजायची. त्या मोठ्या रेडरचा आवाज आम्हाला ऐकूच येईनासा व्हायचा, ती आमच्या हातात धडपडत असायची, आणि शिट्टी वाजायची ती तिचा हात मध्यरेषेला लागल्यावर. मग आमच्यातल्या जितक्या जणींनी तिला धरलेलं, तितक्या बाद.

"पंचाले बहिरं वारं लागलं का?" सामना संपल्यावर माझी जोडीदार म्हणाली.

सर बाटलीतलं पाणी पीत होते. ते म्हणाले, "लोक तिले पाहाले आले. ती बाहेर बसली तर काय पाहातील, तुमाले?" मग स्वतःच गंभीर झाले. "आयका. शिट्टी वाजेपर्यंत सोडाचं नाई. तुमच्या कानावर भरोसा ठेवाचा नाई."

जिल्ह्याची स्पर्धा त्यानंतर चंद्रपूरला होती, बंद हॉलमध्ये, मॅटवर. आम्ही मातीत अनवाणी खेळणाऱ्या. मॅटवर बूट लागतात. माझ्या जोडीदारानं तिच्या चुलत भावाचे बूट आणले होते, पुढं कापड कोंबून. पहिल्या दोन सामन्यांत ती बूट अडकतात म्हणत होती. पण आम्ही ते दोन्ही जिंकलो, आणि तिच्या कंबरेच्या पकडी पाहून निवड समितीतल्या एका बाईनं सरांकडे तिचं वय विचारलं. सरांनी ते येऊन तिला सांगितलं. ती बाजूला जाऊन बुटांच्या नाड्या पुन्हा बांधत बसली.

तिसरा सामना त्या रेडरच्या संघाशी पडला. माझ्या जोडीदाराची आई त्या दिवशी सकाळच्या बसने आली होती. पहिल्यांदाच मुलीचा खेळ बघत होती. भिंतीला टेकून, पदर डोक्यावर घेऊन बसली होती, आणि आजूबाजूच्या पोरी ओरडल्या की दचकायची.

सामन्याचा पंच हा जिल्ह्यातला नावाजलेला माणूस. शाळेत शिक्षक, पांढरे कपडे कडक इस्त्रीचे. त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. हे सांगून ठेवते, कारण पुढं लोकांनी त्याच्याबद्दल बरंच काही सांगितलं आणि त्यातलं मला काही माहीत नाही.

पहिल्या डावात माझ्या जोडीदारानं त्या रेडरला कंबरेला धरून उचलून खाली टाकलं. स्वच्छ पकड होती. रेडर खांद्यावर पडली आणि क्षणभर तशीच राहिली. मग ती उठली, खांदा झटकला. पंचानं आम्हाला गुण दिला, आणि लगेच माझ्या जोडीदाराला जवळ बोलावून हिरवं कार्ड दाखवलं. धोकादायक पकड. पुन्हा केलं तर पिवळं कार्ड, म्हणजे बाहेर बसायचं. त्याच डावात आमच्या रेडरला त्यांच्या पोरींनी तसंच, त्याहून जोरात आपटलं होतं. तिला उठवायला मी गेले होते, तिचं कोपर सोललं होतं. कार्ड निघालं नाही.

मध्यंतरात सर म्हणाले, "आता सांभाळून. तिले उचलू नोको. धर फक्त."

"नुस्तं धरलं तं ते ओढत नेते," ती म्हणाली.

"मग पाह्य. पण कार्ड नोको घेऊ. समितीची बाई पाहून राह्यली."

सरांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्या वेळी कुणीही हेच सांगितलं असतं. पण त्यानंतर ती साखळीत माझ्या शेजारी उभी राहिली तेव्हा तिचा हात वेगळा होता. घट्ट धरून होती, पण आतून मागे ओढलेला. इतकी वर्षं तो हात धरल्यावर ते कळतं.

दुसऱ्या डावात शेवटी शेवटी गुण जवळजवळ बरोबरीत होते. ती रेडर आमच्या कोपऱ्याकडे आली. तिनं पाय टाकला आणि मी घोटा पकडला. चांगला सापडला. माझी जोडीदार वरून आली आणि कंबरेला मिठी घातली. उचललं नाही, नुसती मिठी. रेडर खाली गुडघ्यावर आली. मध्यरेषा तिच्यापासून हातभर लांब असेल. ती आम्हाला दोघींना घेऊन सरकत होती.

मी खाली होते, माझा गाल मॅटला लागलेला. तिचं 'कबड्डी कबड्डी' मला वरून येत होतं, मग ते नुसतं 'बड्डी, बड्डी' झालं, मग नुसती धाप. मग तीही नाही. मला तसं ऐकू आलं. लोक ओरडत होते, त्यामुळे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण माझी जोडीदार तिच्या पाठीवर होती, तिचा कान रेडरच्या तोंडाशी होता. तिनं ऐकलं. झालं, असं समजून तिनं मिठी सैल केली आणि उठायला एक पाय टेकवला.

शिट्टी वाजली नव्हती. रेडरनं तेवढ्यात सगळं अंग पुढं झोकलं. मी घोट्याला लटकलेली, मीही ओढली गेले. रेडर आणि मी माझ्या जोडीदाराच्या त्या टेकलेल्या पायावर पडलो. तिचं अंग फिरलं आणि पाय फिरला नाही. बूट मॅटवर अडकून तिथंच राहिला. मला आवाज आला. ओल्या फांदीचा येतो तसा, मोठा नाही.

मग शिट्टी वाजली. रेडरची बोटं रेषेला लागली होती. पंचानं दोन बोटं वर केली. माझी जोडीदार आणि मी, दोघी बाद.

माझी जोडीदार ओरडली नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून बसली आणि पंचाकडे पाहत म्हणाली, "तिचा दम तुटला होता, सर." तेच तिनं दोन-तीनदा म्हटलं. बाहेर नेईपर्यंत म्हणत होती.

तिची आई मैदानात आली. तिला कुणी अडवलं नाही. ती सरळ पंचासमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, माही पोरगी खोटं नाई बोलत. तुमाले आयकू नाई आलं का?"

तो म्हणाला, "बाई, मी दम ऐकूनच निर्णय देतो. आवाज चालू होता. आधी पोरीले दवाखान्यात न्या." त्याचा आवाज नरम होता. मला त्याचा राग यायला हवा होता तेवढा तिथं आला नाही, तो पुढं आला.

ती गेल्यावर उरलेला सामना आम्ही हरलो. संध्याकाळी जिल्ह्याचा संघ वाचून दाखवला. पहिलं नाव त्या रेडरचं. शेवटाकडे माझं होतं. माझ्या जोडीदाराच्या जागी उजव्या बाजूची कुणीतरी होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी लिगामेंट तुटल्याचं सांगितलं. नागपूरला नेऊन ऑपरेशन करावं लागेल. तिचा बाप ऐकत होता, मान हलवत होता. धान कापणीला आलं होतं. कापणी झाल्यावर नेऊ, असं ठरलं. कापणी झाली, मळणी झाली. तोवर सूज उतरली होती आणि ती घरात चालायला लागली होती. चालता येतंय मग कशाला चिरायचं, असं घरचे म्हणाले. तीही तेच म्हणाली.

मी अब्बांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात दाभण होता. खाली न बघता ते म्हणाले, "घुटना है बेटा. सीट नहीं, के नया कवर चढा दिया."

राज्याच्या स्पर्धेला मी त्या रेडरबरोबर एकाच खोलीत राहिले. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं, पण एकत्र खायचं, एकत्र झोपायचं, किती दिवस गप्प राहणार. ती वाईट मुलगी नव्हती. माझ्या बोटांना चिकटपट्टी तीच लावून द्यायची. एका दुपारी कपडे वाळत घालताना मी विचारलं, "त्या दिवशी तुझा दम तुटला होता ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "शिट्टी वाजली का?"

"नाई."

"मग नाई तुटला." तिनं एक मोजा पिळून दोरीवर टाकला. "मले खरंच आठवत नाई. रेडमधे मी मलेच आयकत नाई. तिचा गुडघा कसा आहे?"

मी सांगितलं. तिनं नागपूरच्या एका व्यायामवाल्या डॉक्टरचा पत्ता सांगितला, तिचा स्वतःचा गुडघा त्यांनी बरा केला होता. तो मी परत आल्यावर पोचवला. कुणी गेलं नाही.

उपांत्यपूर्व सामन्यात आमच्यासमोर दुसऱ्या एका जिल्ह्याची रेडर होती, आमच्या चंद्रपूरच्या रेडरपेक्षा मोठी, टीव्हीवर मुलाखत झालेली. मी तिचा घोटा धरला. वरून दोघी आल्या. तिचा आवाज बंद झाला आणि शिट्टी वाजली नाही, आणि ती रेषेवर गेली. आमची रेडर पंचाकडे धावत गेली. "दम तुटला तिचा! ऐकू येत नाही का तुम्हाला?" तिला कार्ड मिळालं. ती परत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, तिचे डोळे भरले होते. मला बरं वाटेल असं मला आधी कधीतरी वाटलं होतं. वाटलं नाही. आम्ही तिथंच बाहेर पडलो, पदक नाही. मला भाग घेतल्याचं प्रमाणपत्र मिळालं. ते भरतीला चालत नाही.

उन्हाळ्यात तो पंच आमच्या दुकानात आला. मोटरसायकलची सीट उसवली होती. मी गल्ल्यावर बसले होते. ओढणी डोक्यावर होती, त्यानं मला ओळखलं नाही. अब्बांनी सीट काढून घेतली आणि त्याला स्टूल दिला. तो घाम पुसत बसला. तसाच जाऊ द्यावा असं एकदा वाटलं, पण बोलून गेले. "सर, मी नागभीडच्या संघातली. डाव्या कोपऱ्यातली."

त्याला आठवायला वेळ लागला नाही. "ती मुलगी कशी आहे?"

"लंगडते."

अब्बांचं मशीन थांबलं होतं. त्यानं घाम पुसायचा रुमाल घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाला, "लोक म्हणतात मला आयोजकांनी सांगून ठेवलं होतं. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. माझ्या मुलीची शपथ."

"मग ऐकू कसं नाही आलं?"

"ऐकू आलं. मला तिचा आवाज ऐकू येत होता." तो माझ्याकडे वळला. "मी घरी खूप विचार केला. तिचा दम लांब आहे हे मला माहीत आहे. दहा वेळा ऐकलाय. हॉलमध्ये एवढा गोंगाट. मग कान कदाचित स्वतःच भरून घेतो, जिथं आवाज नाही तिथं. तुमच्या रेडरचा भरून घेत नाही, कारण ती कोण आहे हे मला माहीत नसतं. असं झालं असेल. झालंच असं मी म्हणत नाही."

तो खोटं बोलत नव्हता हे मला दिसत होतं, आणि त्यानं आणखीच वाईट वाटत होतं. त्याला पैसे मिळाले असते तर निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. अब्बांनी सीट बसवून दिली. नंतर कुणीतरी सांगितलं की त्यानं मोठ्या सामन्यांची पंचगिरी सोडली. कुणी म्हणतं त्याला काढलं. आमच्या सामन्याचा एका पोरीच्या भावानं फोनवर काढलेला व्हिडिओ गावोगाव फिरला होता. त्यात आम्ही तिघी मॅटवर सरकताना दिसतो आणि लोकांचा आरडाओरडा ऐकू येतो. दम काही ऐकू येत नाही. तरी तो पाहून प्रत्येकजण सांगायचा, बघ, इथं तुटला. आणि चंद्रपूरचे सांगायचे, बघ, इथं चालू आहे.

पुढच्या वर्षी पोलीस भरती निघाली. तिनं साधा अर्ज भरला, खेळाडूंच्या जागेवर नाही. मी तिच्यासोबत चंद्रपूरला गेले. सकाळी मैदानाबाहेर तारेच्या जाळीपाशी उभी राहिले. तिनं गुडघ्याला पट्टा बांधला होता आणि वरून लांब पँट घातली होती, दिसू नये म्हणून. आठशे मीटर धावायचं होतं. पहिल्या फेरीत ती पुढच्यांमध्ये होती. मला वाटलं, होतंय. दुसऱ्या फेरीच्या वळणावर पाय आत दुमडला आणि ती बाजूला पडली. मागच्या पोरी तिला चुकवून गेल्या. ती उठली आणि चालत पूर्ण केलं. चालत पूर्ण करून काही मिळत नाही. एका शिपाईबाईनं तिला पाणी दिलं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मूल गावाच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "मी सोडाले नोको होतं."

"काय?"

"तिले. सरांनी सांगितलं होतं ना, शिट्टी वाजेपर्यंत सोडाचं नाई. मी काऊन सोडली?"

"तिचा दम तुटला होता म्हणून. तूच म्हणाली."

"तुटला होता. पण मी पंच होती का?"

मी तिला पंचाचं सांगितलं, तो दुकानात आला होता ते. कानाचं, भरून घेण्याचं, सगळं. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. गाडी सुटल्यावर म्हणाली, "तो मोठा माणूस आहे. त्याले कारण सांगता येते. मले येत नाई." आणि मग झोपली, किंवा डोळे मिटून बसली.

त्याच वर्षी तिचं लग्न झालं, चामोर्शीकडे. नवऱ्याची धानाची बांधी, म्हणजे शेत आहे. माणूस बरा आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभं राहिलं की तिचा गुडघा निसटतो, आणि ती बांधावर बसून रोपांच्या पेंढ्या सोडवून देते, बाकीच्या बाया रोवतात. हे तिनंच मला सांगितलं. सासू काही म्हणत नाही, पण शेजारच्या बाया म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात एका नातेवाइकाकडे गेले होते तेव्हा चामोर्शीच्या आठवडी बाजारात ती भेटली. वांगी घेत होती. आम्ही चहा प्यायलो. टपरीवाल्याच्या फोनवर कबड्डीचा सामना चालू होता, आणि ती मोठी रेडर त्यात खेळत होती, आता मोठ्या संघाकडून. माझ्या जोडीदारानं मान वळवून पाहिलं. मला वाटलं ती उठेल.

ती बघत राहिली. समोरच्यांनी त्या रेडरला धरलं होतं.

"कंबर वरून धरली," ती म्हणाली. "खालून धराले पाहिजे."

रेडर सुटून गेली. टपरीवर बसलेली माणसं खूश झाली. एकजण म्हणाला, आपल्या चंद्रपूरची आहे. माझ्या जोडीदारानं चहाचा ग्लास ठेवला, वांग्यांची पिशवी उचलली आणि मला विचारलं की अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का. मी सांगितलं, एका डोळ्याचं झालं. आम्ही बाजारातून तिच्या गाडीपर्यंत सावकाश चालत गेलो, कारण तिला तसंच चालावं लागतं.